ग्रुपनं पाळलेला दुखवटा

सुजाता,

सोमवारच्या मीटिंगमध्ये तुझी बाजू मला मांडायची होती, आणि तुझी बाजू नेमकी काय होती हेच मला नीट माहीत नव्हतं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, पण भांडताना माणूस समोरच्याचं ऐकतो कुठं? आपण पुढं काय बोलायचं तेच जुळवत असतो. तू गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "पशुसखींचा ग्रुप आता फक्त ॲडमिनचा करून टाकू. सूचना आपण टाकायच्या, त्यांनी वाचायच्या. सुजाताबाई होत्या तोवर ठीक होतं. आता तिथं लक्ष कोण ठेवणार?"

म्हणजे जे मी तुला कायम सांगत आले तेच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी म्हणाले, "सोमवारी बोलू, साहेब," आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले, कारण मी असं का म्हणाले ते मलाच कळेना.

म्हणून तुला माहीत असलेलंच परत सांगतेय. मला ते एकदा ओळीनं लावून बघायचंय.

आपली संस्था गावोगावच्या बायकांना पशुसखी व्हायला शिकवते. घरोघरी जाऊन शेळ्या, गाई, म्हशी बघायच्या, वैरणीचं सांगायचं, लसीची आठवण करायची, आणि आपल्या हातातलं नसेल तिथं वेळेत डॉक्टर बोलवायचा. तू जनावरं शिकवायचीस, मी फोन. तू गडमुडशिंगीची, गोठ्यात वाढलेली. मी राजारामपुरीतली, म्हशीला हात लावायचा तर आधी पर्स कुठं ठेवायची ते बघणारी. आपल्या दोघींना एका टेबलावर बसवायचं डोकं कुणाचं होतं कोण जाणे, पण त्याचे मी मनातल्या मनात कितीदा आभार मानलेत. तोंडानं तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणाली असतीस, "बरं हाय न्हवं तुला? ताप-बिप आलाय काय?"

चंदगडची ती पहिली बॅच आठवते? मी एक तक्ता तयार केला होता, सगळ्यांच्या फोनवर उघडणारा. आपापल्या गावात किती जनावरांना लस टोचली ते प्रत्येकीनं घरूनच भरायचं आणि आपल्याला इथं कोल्हापुरात बसून दिसायचं. वर्गात सगळ्यांनी बरोबर भरून दाखवलं. गावी गेल्या आणि तक्ता कोरा. आठवडा झाला तरी कोराच. रेंज नसेल म्हणावं तर ग्रुपवर सकाळची फुलं धडाधड येऊन पडत होती. मी चिडले. यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार, असं साहेबांना सांगून मोकळी झाले.

तू म्हणालीस, "थांब गं. येत न्हाय असं न्हाय त्ये. मी इचारतो की त्यास्नी."

आपल्याकडच्या बायका बोलतात तशी तू 'मी येतो, मी जातो' म्हणायचीस, आणि ऑफिसात नवीन कुणी त्यावर हसलं की आणखी मोठ्यानं म्हणायचीस. तू त्या बॅचमधल्या रेणुकाला फोन लावलास आणि मला ऐकायला यावं म्हणून स्पीकर चालू केलास.

रेणुका म्हणाली, "आक्का, रोज उघडतो की. पण उघडलं की आत कुणीतरी असतंय. नाव दिसतंय न्हवं तिथं. दुसरीचं काम चाललंय, मधीच आपण कसं घुसायचं? म्हणून गप भाईर येतो."

मग तू दुसरीला विचारलंस, तिसरीला विचारलंस. सगळ्यांचं तेच. एकीनं उघडायचं, दुसरीचं नाव बघून बाहेर पडायचं, आणि ती दुसरीही हिचं नाव बघून बाहेर पडलेली. एकमेकींना वाट देत त्या सगळ्या दारात उभ्या होत्या, आणि मी त्यांना पहिल्यापासून शिकवायला निघाले होते.

तू मागं रेलून हसत सुटलीस. मग हसू आवरत म्हणालीस, "किती ग्वाड हाय गं हे." मला त्यात गोड काही दिसत नव्हतं, मला लसीचे आकडे हवे होते. दुसऱ्या दिवशी तू ग्रुपवर आवाज टाकलास. "बायांनो, रानात तण भांगलाय जाताय तवा शेजारणीची पात चालू हाय म्हणून बांधावर बसून ऱ्हाताय व्हय? आपापली पात धरायची नि फुडं सरकायचं. हितं बी तसंच. जिच्या गावाची वळ, ती तिची पात." संध्याकाळपर्यंत तक्ता भरला. एकीनं तर शेजारच्या गावाचीही ओळ भरून टाकली, तिथल्या सखीची पात मागं राहिली होती म्हणून.

मी अजून तसंच शिकवते. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय, तो तुला विचारायचा राहिला. आठवडाभर मी त्या कोऱ्या तक्त्याकडं बघत होते. त्यांना येत नाही याच्यापलीकडं मला काही सुचलं नाही, आणि तुला मात्र ऐकल्या ऐकल्या विचारावंसं वाटलं. हे कुठून येतं गं? मी काय कमी शिकवलंय लोकांना? चूक दिसली की माझा हात लगेच ती पुसायला जातो. तुझं म्हणजे चूक दिसली की डोळे लकाकायचे, कुणी नवीन पाहुणं घरी आल्यासारखे.

ऑनलाइन मीटिंगचंही तेच. साहेब पडद्यावर आले की बायका उठून उभ्या राहायच्या. फोन समोर टेकवलेला असायचा, त्यामुळं सगळ्यांचे चेहरे वर निघून जायचे आणि साहेबांना नुसत्या साडीच्या निऱ्या दिसायच्या. साहेब बिचारे निऱ्यांशी बोलायचे. बसा म्हणून सांगा त्यांना, असं मी तुझ्या कानात पुटपुटले, तर तू म्हणालीस, "साहेबांनीच म्हणाय पायजे, बसा म्हणून. घरात आल्यावर आपण म्हणतो न्हवं?" साहेबांनी म्हटलं. सगळ्या बसल्या. पुढच्या मीटिंगपासून साहेब आल्या आल्या "बसा बसा" म्हणूनच सुरुवात करायला लागले. अजूनही करतात. आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा, आम्ही बसलेलेच असतो तरी.

पण ग्रुपच्या बाबतीत मी तुझं कधी मानलं नाही, आणि आजही सगळं मानलेलं नाही. ते जारेचं प्रकरण घे; जार म्हणजे वार हेसुद्धा मला तुझ्याकडूनच कळलं. एकीनं विचारलं होतं, म्हैस व्यालीय, जार पडली नाही, नुसती लोंबतेय, काय करू? दुसरीनं लगेच लिहिलं, जारेला दगड बांध, वजनानं खाली येईल. मी घाबरले. मला जनावरातलं काही कळत नाही, पण दगड बांधणं काही बरोबर नसणार एवढं कळत होतं. तुला फोन केला, आधी ते पुस. तू म्हशीवाल्या बाईला फोन लावलास, दगड बांधायचा नाही, हातानं ओढायचं नाही, डॉक्टरांना बोलव म्हणालीस. आणि ग्रुपवरचा दगड तसाच ठेवलास.

"पुसलंस तर तिच्या डोक्यातनं पुसलं जाईल व्हय गं?" तू मला म्हणालीस. "हितं लिवली म्हणून आपल्याला कळलं तरी. बांधावर कुणाला सांगितली असती तर तुला नि मला कळलं असतं काय?"

मग त्या दगडावरून ग्रुपवर जी चर्चा लागली! कुणाच्या सासूनं बांधला होता, कुणाच्या चुलत्यानं विटेचा तुकडा बांधला होता, त्या म्हशीचं पुढं काय झालं, सगळं बाहेर आलं. शेवटी दगडवालीनंच विचारलं, मग का बांधायचा नाही? तेव्हा कुठं तू आवाज टाकलास, आतल्या आत फाटतं, पू होतो, जनावर पुन्हा गाभण राहायला त्रास होतो. तुझ्या मागं तुझीच म्हैस हंबरत होती. मी म्हटलं, ठीक आहे, पण एखादीनं दगडाचं तेवढंच वाचून फोन ठेवून दिला, तुझं ऐकलंच नाही, तर? तू म्हणालीस, "त्येचं उत्तर न्हाय माझ्याजवळ." तुझ्याशी भांडायला म्हणून तर मजा यायची. तू उगाच काहीतरी ठोकून द्यायची नाहीस.

आणि ती फुलं! रोज सकाळी गुलाब, जास्वंद, वर सुविचार, खाली दिवा. मी नियम टाकला, कामाशिवाय काही टाकायचं नाही. तू माझ्या नियमाच्या खाली स्वतः झेंडूचा फोटो टाकलास. वर मला सांगितलंस, "हजेरी हाय ती. जिचं फूल आलं ती ठीक हाय. न्हाय आलं की मी फोन लावतो." मला वाटलं तू माझी थट्टा करतेस. पण रेणुकाचं फूल यायचं थांबलं तेव्हा तू खरोखर फोन लावलास. ती काही नीट बोलेना, म्हणून सरळ एसटीत बसलीस. मी तिकडचं नेटवर्क तपासायच्या निमित्तानं तुझ्याबरोबर आले. खरं म्हणजे तू तिथं जाऊन काय करतेस ते मला बघायचं होतं.

चंदगडला असा पाऊस की समोरचं दिसेना. रेणुकाच्या देखरेखीखालची एक शेळी मेली होती, मालकानं गावासमोर नको नको ते बोलून घेतलं होतं, आणि तिनं हे काम सोडायचं ठरवलं होतं. मला वाटलं तू आता धीर देशील. तू धीर-बीर काही दिला नाहीस. शेळीनं काय खाल्लं होतं, कुठल्या रानात चरली, पोट आधी कुठल्या बाजूनं फुगलं, ती उभी होती की बसली होती, असं विचारत सुटलीस. रेणुका आधी तुटक तुटक बोलत होती. मग तिलाही आठवायला लागलं, ती खाली वाकून हातानं दाखवायला लागली, आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "पोट फुगलं तवाच डॉक्टरला बोलवाय पायजे हुतं, आक्का." तू म्हणालीस, "व्हय. फुडच्याला बोलव." आणि जेवायला बसलीस. भाकरी, भात, काजूची उसळ. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंद आली. त्या दिवसानंतर मी फुलं पुसली नाहीत, पण ती मला आवडली असंही समजू नकोस.

मग तू गेलीस. ते कसं झालं त्यात मी जात नाही, मला अजून जमत नाही. ग्रुपवर बातमी मीच टाकली, दुसरं कोण टाकणार? तुझ्या नावाआधी 'कै.' लिहायला हात वळेना म्हणून नुसतं सुजाता लिहिलं. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्यानंतर ग्रुप गप्प झाला. एक प्रश्न नाही, एक फूल नाही. तक्त्यातही कुणी ओळ भरली नाही. साहेब म्हणाले ते त्यामुळंच. "बघा, बाई गेल्या आणि ग्रुप थंड पडला. म्हणजे तो त्यांच्या जोरावर चालला होता." मला ते खरं वाटलं आणि फार लागलं. एवढं सगळं तू उभं केलंस, आणि तुझा आवाज थांबला तसं तेही आडवं पडलं?

रविवारी, म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशी, मी तुझी बाजू कागदावर मांडायला बसले. काही सुचेना. तू असतीस तर काय केलं असतंस, असा विचार करता करता एकदम ध्यानात आलं की एकीचं फूल आलं नाही तर तू फोन लावायचीस, आणि इथं तर सगळ्यांचीच फुलं थांबलीत, आणि मी कुणालाही फोन लावलेला नाही. मी रेणुकाला लावला.

"रेणुका, ग्रुपवर कुणीच काही टाकत नाही गं. फुलंसुद्धा नाहीत. का?"

"आता मॅडम, दुखवटा हाय न्हवं," ती म्हणाली, हे काय विचारणं झालं अशा आवाजात. "घरात मयत झाल्यावर फुलं टाकत्यात व्हय?"

"अगं, उत्तरकार्य होऊन गेलं की."

"व्हय, मी बी आलतो की. पण घरच्यांनी आधी कामाला हात लावाय पायजे, मग शेजाऱ्यांनी. घरचं माणूस गप बसलंय नि आपण शेळ्या-म्हशींचा दंगा कसा करायचा?"

मला वाटलं ती तुझ्या सासरच्यांबद्दल बोलतेय. म्हटलं, "त्यांचा काय संबंध? ते कुठं ग्रुपवर आहेत?"

"त्येंचं न्हाय वो. घरचं म्हंजे तुमी."

तीच पुढं म्हणाली, "तुमी ग्रुपवर काय बोलला न्हाईसा, म्हणून आमी बी गप ऱ्हायलो."

सुजाता, मी गप्प होते कारण मला काही लिहिताच येत नव्हतं. आणि त्या सगळ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. गावागावांतून, फोन हातात धरून, एकमेकींशी न ठरवता.

मग मला भलतीच भीती वाटली. मी विचारलं, "आणि मधल्या दिवसांत कुणाचं जनावर आजारी पडलं असेल तर?"

"पडलंय की. आमच्या शेजारची म्हस काल सकाळी व्याली, जारच पडंना. इचारावं वाटलं ग्रुपवर. पण म्हटलं नको."

मी ओरडलेच. "नको काय, नको काय! डॉक्टरला फोन लाव आधी! आत्ताच्या आत्ता!"

"लावला की, मॅडम. आज सकाळी येऊन गेलं डॉक्टर. बरी हाय म्हस." मग म्हणाली, "आक्कानं शिकवलंय की तेवढं."

तिथं मला रडू फुटलं. तू गेल्यापासून असं मोकळं रडले नव्हते. तुझ्या दारातसुद्धा नाही, तिथं माणसं फार होती. रेणुका फोनवर तशीच थांबली. उगी उगी वगैरे काही म्हणाली नाही. पण रडता रडता मला रागही येत होता. तिचा, तुझा, माझा, कुणाचा कोण जाणे. एका बाईचा मान राखायला दुसरीच्या म्हशीची विचारपूस थांबते, ही काय रीत झाली? डॉक्टर यायला आणखी उशीर झाला असता तर? तू हे ऐकलं असतंस तर तू काय केलं असतंस? चिडली असतीस की डोळे लकाकले असते? मला वाटतं दोन्ही.

ग्रुपवर लिहायला बसले तर तुझ्याबद्दलची चांगली चांगली वाक्यं सुचायला लागली. ती सगळी पुसली. शेवटी एवढंच लिहिलं, "सुजाताचा दुखवटा आज सुटला. जनावरं दुखवटा पाळत नाहीत. काय विचारायचं ते विचारा. मला जनावरातलं काही कळत नाही, पण मी इथं आहे."

एक प्रश्न आला, आणि मग ते थांबेचनात. हगवण, गोचीड, लंगडणारा बैल, दूध आटलेली गाय, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं. उत्तरंही त्याच एकमेकींना देत होत्या. एकीनं शेळीच्या हगवणीवर काहीतरी अचाट उपाय लिहिला. माझं बोट पुसायला गेलंच होतं, तेवढ्यात दुसरीनं तिला विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं गं?" मी बोट मागं घेतलं. मलाही ऐकायचं होतं, कुणी सांगितलं ते.

सोमवारी मी साहेबांना रेणुकाच्या शेजारणीची म्हैस सांगितली. म्हटलं, "साहेब, ग्रुप थंड पडला नव्हता, गप्प बसला होता. तुम्ही म्हणता तसा तो बंद केला तर तो कायमचाच असा गप्प बसेल. मग तिथं चुकीचं कुणी लिहिणार नाही, हे खरं. पण आजारी म्हैसही कुणी लिहिणार नाही." साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं. मग चष्मा काढून त्यांनी नेमका माझाच प्रश्न मला विचारला. "आणि एखादीनं चुकीचं तेवढंच वाचून फोन ठेवला तर?"

मी म्हणाले, "त्याचं उत्तर नाही माझ्याजवळ."

मी पुढं म्हणाले, एक डॉक्टर ग्रुपमध्ये घ्या, आणि रोजचं लक्ष मी ठेवते. दोन्ही मान्य झालं. ग्रुप उघडा राहिला.

तर भांडण तू जिंकलीस. सगळं नाही, कारण त्या शेवटच्या प्रश्नाचं मला अजून पटत नाही, आणि त्यावर मी तुझ्याशी आणखी कितीतरी वर्षं भांडले असते. केबिनमधून बाहेर पडल्याबरोबर मनात आलं की आता तू ऑफिसभर सांगत सुटणार, मेघा हरली, मेघा हरली. तुला द्यायचं उत्तर मी जिन्यातच तयार केलं होतं, आणि चांगलं झणझणीत होतं. जिंकून असं उठून जातात का गं? ते उत्तर ऐकायला तरी थांबायचंस.